दोष गाडीचा की चालवणाऱ्याचा? – वॉरंटीच्या इतिहासातलं एक अडखळतं प्रकरण

२६ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने फोर्ड कंपनीच्या तिथल्या शाखेला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड भरायला लावला. ऑटोमॅटिक गिअरच्या काही गाड्यांबद्दल हे प्रकरण होतं. सिग्नल सुटल्यावर त्या गाड्या अडखळत, हळू वेगात थरथरत, तर कधी मध्येच जोर सोडून देत. मात्र गिअरबॉक्स सदोष होता, एवढ्यासाठी हा दंड झाला नाही. तक्रार घेऊन आलेल्या माणसांना कंपनीने जी उत्तरं दिली, त्या उत्तरांसाठी तो झाला.

ती उत्तरं ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने कोर्टापुढे मांडली आणि कंपनीने ती मान्य केली. थरथर गाडीतल्या दोषामुळे होते हे ठाऊक असूनही ग्राहकांना वारंवार सांगितलं जाई, की तुमची गाडी चालवण्याची पद्धतच तशी आहे. दुसरी बाब त्याहून विलक्षण आहे. हा दोष अधूनमधूनच प्रकट होतो, हेही कंपनीला माहीत होतं. तरीही दुरुस्ती हवी असेल तर डीलरच्या माणसासमोर, त्याने म्हटल्याबरोबर, गाडी थरथरवून दाखवा अशी अट होती. दातदुखी दवाखान्याच्या पायरीवर थांबते, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. इथे दवाखाना म्हणत होता, आत्ता दुखत नसेल तर दात चांगलाच आहे.

मोटारींचा इतिहास बहुधा इंजिनांचा, शर्यतींचा आणि मालकांचा लिहिला जातो. वॉरंटीच्या कागदाचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. पण सामान्य माणसाचा आणि प्रचंड कारखान्याचा समोरासमोर संबंध येतो तो त्याच कागदावर. अडखळणाऱ्या गिअरबॉक्सचं प्रकरण त्या कागदाची खरी परीक्षा पाहतं. ब्रेक निकामी झाला तर वाद उरत नाही. गाडी ‘थोडी कचरते’ म्हणजे नेमकं काय, आणि किती कचरणं नॉर्मल, हे ठरवायचं कोणी, हा खरा प्रश्न आहे.

पायाचं काम यंत्राकडे

ऑक्टोबर १९३९ च्या आसपास जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठी ‘हायड्रा-मॅटिक’ नावाचा गिअरबॉक्स बाजारात आणला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गाडीत क्लचचं पेडलच नव्हतं. महायुद्धात हीच यंत्रणा अमेरिकी सैन्याच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांत बसली. युद्धानंतर तिचा प्रसार इतका झाला, की १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी ऑटोमॅटिक होत्या.

यात गिऱ्हाइकाला नेमकं काय विकलं जात होतं, हे ध्यानात घ्यायला हवं. हाताने गिअर टाकणाऱ्या गाडीत चढावर हाफ क्लच धरणं, वेग पाहून गिअर उतरवणं ही चालकाची कसबं असतात. गाडीने हिसका दिला तर शेजारी बसलेला माणूस चालकाकडे पाहतो, कंपनीकडे नाही. ऑटोमॅटिक गाडी घेणारा माणूस जास्तीचे पैसे मोजून हे कसब आणि त्याबरोबरची जबाबदारी यंत्राकडे सोपवतो. म्हणूनच अशा गाडीच्या मालकाला ‘दोष तुमच्या चालवण्यात आहे’ असं सांगणं म्हणजे त्याने जे विकत घेतलं तेच त्याला नाकारणं होय.

जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल असतं. एक पंखा तेल ढवळतो, त्या तेलाच्या जोराने समोरचा पंखा फिरतो. यात थोडी शक्ती वाया जाते, पण धक्का तेलातच जिरतो. फोर्डच्या वादग्रस्त ‘पॉवरशिफ्ट’ गिअरबॉक्सची रचना निराळी होती. त्यात दोन क्लच होते. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवायचा, आणि एक क्लच सोडता सोडता दुसरा धरायचा. हे सगळं विजेच्या मोटरी आणि एक छोटा संगणक मिळून करत. शिवाय हे क्लच कोरडे होते, म्हणजे तेलात बुडालेले नव्हते. त्यामुळे वजन वाचे, तेल फिरवण्यात जाणारी शक्ती वाचे आणि पेट्रोलही वाचे.

मोकळ्या रस्त्यावर ही रचना उत्तम. खरी कसोटी लागते मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या वाहतुकीत. तिथे क्लच पूर्ण धरताही येत नाही आणि पूर्ण सोडताही येत नाही, म्हणजे संगणकाला सतत हाफ क्लचवर राहावं लागतं. क्लच कोरडा असेल तर तो तापतो, त्याची पकड बदलते आणि गाडी थरथरते. त्यात भर अशी, की पॉवरशिफ्टच्या शाफ्टवरच्या सीलमधून तेल झिरपून या कोरड्या क्लचवर पोचत होतं. काही गाड्यांत गिअरबॉक्सचा नियंत्रक संगणकच दगा देत होता. लक्षण एकच, कारणं मात्र तीन-चार. त्यामुळे एक सील बदलून गाडी घरी नेलेला माणूस महिन्याभराने पुन्हा सर्व्हिस सेंटरच्या दारात उभा दिसे.

९० दिवस किंवा ४००० मैल

वॉरंटी हा शब्द ऐकला की ग्राहकाला आपलं संरक्षण आठवतं. इतिहास वेगळं सांगतो. अनेक वर्षं मोटारीची वॉरंटी कंपनीचंच संरक्षण करत आली.

१९५५ साली न्यू जर्सी राज्यात क्लॉस हेनिंगसन यांनी पत्नी हेलन यांच्यासाठी नवी प्लिमथ गाडी घेतली. दहाच दिवसांत, अवघे ४६८ मैल झालेले असताना, गाडीचं स्टिअरिंग अचानक फिरलं. गाडी भिंतीवर आदळली आणि हेलन जखमी झाल्या. खरेदीच्या कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात वॉरंटी छापलेली होती. ९० दिवस किंवा ४००० मैल यांच्या आत सदोष ठरलेला भाग बदलून मिळेल, आणि याखेरीज कंपनीची कोणतीही जबाबदारी राहणार नाही, असा तिचा आशय. अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या मोठ्या मोटार कंपन्या हाच मजकूर वापरत. म्हणजे एका शोरूममधून उठून दुसऱ्या शोरूममध्ये गेलं तरी कागद तोच.

या खटल्यात पुराव्याची अडचण विलक्षण होती. गाडीचा पुढचा भाग इतका चेपला होता, की स्टिअरिंगचा कोणता भाग सदोष होता हे तपासून सांगणंच अशक्य होतं. तरीही ९ मे १९६० रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हेनिंगसन यांच्या बाजूने निकाल दिला. नवी गाडी नीट चालेल ही हमी कायद्यातच अनुस्यूत आहे, ग्राहकाला घासाघीस करण्याची संधीच नसलेल्या छापील कागदाने ती काढून घेता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. तुटलेला भाग हातात धरून दाखवता आला नाही, म्हणून दाद नाकारायची नाही, हे सूत्र इथे रुजलं.

यानंतर कंपन्यांची चाल बदलली. १९६३ च्या मॉडेलांवर क्रायस्लरने इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यापुढच्या भागांना पाच वर्षं किंवा ५०,००० मैलांची वॉरंटी जाहीर केली. वॉरंटी ही जाहिरातीची गोष्ट झाली. पण जाहिरातीतली मुदत आणि सर्व्हिसच्या काउंटरवरचं उत्तर या दोन गोष्टींत अंतर राहिलंच.

ते बुजवण्यासाठी अमेरिकी संसदेने मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा केला. ४ जानेवारी १९७५ रोजी त्यावर सही केली ती अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी. मोटार कंपनीशी त्यांचं नातं नव्हतं, आडनाव तेवढं तेच. लेखी वॉरंटी सोप्या भाषेत हवी, खरेदीआधी वाचायला मिळायला हवी, आणि लेखी वॉरंटी देणाऱ्याला कायद्यातली अनुस्यूत हमी पुसून टाकता येणार नाही, असं त्यात होतं. दावा जिंकल्यास वकिलाची फी कंपनीकडून मिळण्याची सोयही होती. ‘पूर्ण’ वॉरंटी देणाऱ्याने वाजवी प्रयत्नांनंतरही दोष गेला नाही तर वस्तू बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, असंही कलम होतं. मोटार कंपन्यांनी यातून सोपा मार्ग काढला. त्यांनी आपल्या वॉरंटीवर ‘मर्यादित’ असा शब्द छापला.

एकट्याची तक्रार

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकी कंपन्या गाड्यांचं वजन घटवायच्या मागे लागल्या. त्यातून जनरल मोटर्सचा ‘टीएचएम २००’ हा हलका ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९७६ च्या मॉडेलांपासून आला. तो लाखो गाड्यांत बसला, आणि लवकर बिघडतो अशा तक्रारी येऊ लागल्या. १९८० साली फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई सुरू केली. गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या काही भागांतले गंभीर दोष कंपनी गिऱ्हाइकांना कळवत नाही, असा आरोप होता. १९८३ मध्ये तडजोड झाली आणि अशा तक्रारी बेटर बिझनेस ब्युरो या संस्थेच्या लवादापुढे नेण्याची वाट मालकांना खुली झाली.

टीएचएम २०० आणि पॉवरशिफ्ट यांच्यात तीन दशकांहून अधिक अंतर आहे, तरी दोघांचा जन्म एकाच हेतूतून झाला. तो हेतू म्हणजे इंधनाची बचत. हेतू चांगलाच होता. पण नव्या रचनेची परीक्षा कारखान्यात पुरती न होता गिऱ्हाइकाच्या दारी झाली, आणि परीक्षेचा खर्चही त्याच्याच माथी आला. दोन्ही प्रकरणांत आणखी एक साम्य आहे. काउंटरवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटत होतं, की हा त्रास आपल्या एकट्यालाच आहे. तो हजारोंना होतो आहे, हे फक्त काउंटरच्या पलीकडच्या बाजूला ठाऊक होतं. कंपनीची खरी ताकद या एकटेपणात होती.

ही ताकद मोडायला एक साधं हत्यार उपयोगी पडलं. ते म्हणजे मोजणी. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने ‘लेमन लॉ’ केला. अमेरिकी बोलीत लेमन म्हणजे जन्मजात खोड असलेली गाडी. त्याच साली कॅलिफोर्नियाने आपल्या जुन्या वॉरंटी कायद्यात तशीच भर घातली. ठरावीक मुदतीत एकाच दोषासाठी गाडी चार वेळा दुरुस्तीला नेली, किंवा एकूण ३० दिवस गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये अडकून पडली, तर कंपनीला वाजवी संधी मिळून गेली असं कायदा मानतो. मग गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा. पुढच्या दशकभरात अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले.

या कायद्याचं मर्म वाचकांच्या लक्षात आलं असेल. दोष कोणत्या सीलमध्ये आहे की संगणकात, हे ग्राहकाने सिद्ध करायचं नाही. आपण किती वेळा आलो, एवढंच दाखवायचं. त्यामुळे गाडी आत घेताना लिहिला जाणारा कागद, ज्याला आपल्याकडे जॉब कार्ड म्हणतात, तोच पुरावा ठरला. ‘चालवून पाहिली, दोष आढळला नाही’ असा शेरा असलेला कागदही तारीख आणि तक्रार सांगतो. म्हणून जाणते लोक सांगू लागले, की तोंडी तक्रार करून परतू नका. तुमचे शब्द कागदावर उतरवून घ्या. ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलं असेल तर ती भेट झालीच नाही असं समजा.

पॉवरशिफ्टचा हिशेब

आता पुन्हा पॉवरशिफ्टकडे. अमेरिकेत हा गिअरबॉक्स २०११ ते २०१६ च्या फिएस्टा आणि २०१२ ते २०१६ च्या फोकस गाड्यांत बसला. तक्रारी सुरुवातीपासूनच आल्या. सर्व्हिस सेंटरांना सूचनापत्रकं जात राहिली. आधी सॉफ्टवेअर बदला, मग क्लच, मग सील. २०१४ मध्ये कंपनीने क्लच आणि सीलसाठी वॉरंटी सात वर्षं किंवा एक लाख मैल, आणि नियंत्रक संगणकासाठी दहा वर्षं किंवा दीड लाख मैल अशी वाढवली. मुदत वाढवणं ही कबुलीच होती, पण कबुलीचे शब्द त्यात नव्हते. आणि ज्याला ‘हे नॉर्मल आहे’ असं सांगून परत पाठवलं, त्याला वाढीव मुदतीचा काय उपयोग?

२०१२ साली कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टात सामूहिक दावा दाखल झाला होता. सुमारे १९ लाख आजी-माजी मालक त्याच्या कक्षेत येत होते. तडजोडीत भरपाईचं सूत्र पुन्हा मोजणीचंच ठरलं. वॉरंटीच्या मुदतीत तीन किंवा अधिक वेळा गिअरबॉक्सचे भाग बदलावे लागलेल्याला रोख रक्कम, फक्त सॉफ्टवेअर बदललं असेल तर कमी रक्कम, आणि गाडी परत देण्यासाठी लवाद. जुलै २०१९ मध्ये ‘डेट्रॉईट फ्री प्रेस’ या दैनिकाने कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून या गिअरबॉक्सची कहाणी प्रसिद्ध केली. गाड्या बाजारात येण्याआधीच कंपनीतल्या माणसांनी धोक्याची सूचना दिली होती, असं तिचं म्हणणं होतं. गाड्या सुरक्षित आहेत, ही कंपनीची भूमिका होती. पण पुढच्याच महिन्यात तिने आणखी काही मॉडेलांची वॉरंटी वाढवली. सुधारित तडजोडीला अंतिम मंजुरी २०२० मध्ये मिळाली. दावा दाखल झाल्यापासून तोवर सात वर्षं उलटून गेली होती.

ऑस्ट्रेलियात दंडानंतर मालकांचा वेगळा सामूहिक दावा चालला. सुमारे ७० हजार गाड्यांचा हा दावा. २०२१ मध्ये फेडरल कोर्टाने दोष मान्य केला. भरपाई कशी मोजायची हा मुद्दा मात्र तिथल्या सर्वोच्च पातळीच्या हायकोर्टापर्यंत गेला, आणि त्यावरचा निर्णय यायला २०२४ उजाडलं. या गाड्यांत फोकस आणि फिएस्टाबरोबर इकोस्पोर्टही होती. ऑस्ट्रेलियातली इकोस्पोर्ट जात होती चेन्नईजवळच्या कारखान्यातून. म्हणजे गाडी आपल्याकडची, आणि तिच्या अडखळण्याचा न्यायनिवाडा सिडनीचा.

आपल्याकडचा कागद

आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडी बराच काळ श्रीमंतांची गोष्ट होती. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वस्तातली एएमटी आली आणि चित्र पालटलं. तिच्यात साधा गिअरबॉक्सच असतो, क्लच आणि गिअर मात्र यंत्र हलवतं. त्यामुळे गिअर बदलताना तिचं किंचित थबकणं तिच्या स्वभावातच आहे. पण या स्वभावाच्या आड खरा दोषही लपू शकतो. ‘ऑटोमॅटिकला असंच असतं, साहेब’ हे वाक्य दोन्हींना सारखंच लागू पडतं.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, तेव्हा देशात ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला आणि २०१९ मध्ये नव्याने झाला. हा कायदा मोठा आधार आहे, यात शंका नाही. मात्र त्यात लेमन लॉसारखी मोजणी नाही. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी, आणि तिची फी तक्रारदाराने भरावी, अशी तरतूद दोन्ही कायद्यांत आहे. भेसळीच्या तेलाला हे ठीक. पण सोमवारी अडखळणारी आणि मंगळवारी गुपचूप चालणारी गाडी प्रयोगशाळेत कोणत्या वारी न्यायची?

२००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीची अट पाहून सांगितलं, की कंपनीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही. अट तशी असेल तर अर्थही तसाच निघणार. म्हणजे सदोष भाग कोणता हा प्रश्न आपल्याकडे अजून मध्यवर्ती आहे, आणि त्याचं उत्तर शोधायची यंत्रं, सॉफ्टवेअर आणि माणसं सगळी कंपनीकडेच आहेत.

अशा स्थितीत आपल्या मालकाच्या हाती उरतं ते तेच जुनं हत्यार. किती किलोमीटरवर, कोणत्या वेगात, इंजिन गार असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीला, हे लिहून नेणं. शेजारी कोणाला तरी बसवून मोबाइलवर चित्रण करणं. सर्व्हिस सेंटरच्या माणसाला शेजारी बसवून आपण स्वतः गाडी चालवणं. त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून फरक दाखवायला सांगणं, कारण नॉर्मल म्हणजे काय हे शब्दांनी नव्हे, तुलनेनेच ठरतं. प्रत्येक भेटीचं जॉब कार्ड आपल्या शब्दांत लिहवून घेणं, आणि सॉफ्टवेअर बदललं तर तेही त्यात नोंदवायला लावणं. हे सगळं वॉरंटीची मुदत संपण्याआधी व्हायला हवं. मुदतीत लेखी नोंदवलेली तक्रार आणि मुदतीनंतर आठवून सांगितलेली तक्रार यांचं वजन सारखं नसतं.

कंपनीकडे अभियंते असतात, वकील असतात, वेळ असतो. गिऱ्हाइकाकडे त्याचा अनुभव असतो, आणि ‘तुम्हाला चालवताच येत नाही’ या वाक्याचा पहिला घाव त्या अनुभवावरच बसतो. काही जण त्यानंतर गप्प बसतात, गाडी पडत्या भावात विकून टाकतात, आणि दोष नव्या मालकाकडे जातो. ऑस्ट्रेलियाच्या कोर्टाने ज्याला सदसद्विवेकाला न पटणारं वर्तन म्हटलं, ते नेमकं इथे घडतं. हेनिंगसन यांच्यापासून सिडनीपर्यंतचे हे निकाल मिळवून दिले ते घरी परतताना तारीख घातलेला कागद मागून घेणाऱ्या माणसांनी. त्यांतल्या बहुतेकांची नावं कोणत्याही ग्रंथात येणार नाहीत. त्यांची जॉब कार्डं मात्र कोर्टाच्या दप्तरात आहेत.